वाक्य कोण शिकवणार?

सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूर, धामणेर, साप, अपशिंगे, वाठार किरोली या पट्ट्यातल्या कोणत्याही मराठी शाळेत जावे. आठवीतल्या दहा मुलांना एकेक कोरा कागद द्यावा आणि स्वतःच्या घराविषयी इंग्रजीत पाच वाक्ये लिहायला सांगावीत. ‘माय फॅमिली’ हा पाठ केलेला निबंध चालणार नाही, एवढीच अट घालावी. बहुतेक कागदांवर काय उमटेल, ते इंग्रजी शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला आधीच ठाऊक असते. ‘आय ॲम टू ब्रदर्स.’ ‘माय फादर गो फार्म.’ ‘मदर इज कुक फूड.’ काही कागदांवर फक्त नाव असेल. ही मुले आठ वर्षे इंग्रजी शिकलेली आहेत. पहिलीपासून प्रत्येक इयत्तेत त्यांच्या दप्तरात इंग्रजीचे पुस्तक होते, वेळापत्रकात इंग्रजीचा तास होता, प्रगतिपत्रकात इंग्रजीची श्रेणी होती. इंग्रजीचे एक साधे वाक्य कसे उभे राहते, हे तेवढे त्यांना कोणी बसवून शिकवले नाही.

मुलांच्या बुद्धीवर याचे खापर फोडता येणार नाही. मराठी बोलणारे पाच-सहा वर्षांचे मूल ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’, ‘मी फळ खाल्ले’ असे बिनचूक बोलते. खाणारा तोच असताना खाल्लेल्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे ते क्रियापद बदलते. ‘जातो, जाते, जातोस, जातेस, जातात’ ही सगळी रूपे त्याच्या तोंडी बसलेली असतात. इतके अवघड व्याकरण ज्याने अंगणात खेळता खेळता पचवले, त्याच्याकडून इंग्रजीचा वर्तमानकाळ काय मागतो? ‘ही’ किंवा ‘शी’ आले की क्रियापदाला एक ‘एस’ लाव, इतकेच. तो ‘एस’ आठ वर्षांत लागत नसेल तर दोष शिकणाऱ्याचा नाही.

जून २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. त्याआधी ते पाचवीपासून होते, आणि त्याहीपूर्वी काही काळ आठवीपासून. त्या निर्णयावर तेव्हा मोठे वादळ उठले. मराठीचे नुकसान होईल असे एक बाजू म्हणत होती. खेड्यातल्या मुलांना शहरातल्या मुलांच्या बरोबरीला आणायचे असेल तर दुसरा मार्ग नाही, असे दुसरी. आमच्या मते निर्णयामागचा हेतू चांगला होता आणि तो आजही आम्हाला मान्य आहे. पण इंग्रजी चार वर्षे अलीकडे आणले, म्हणजे ते शिकवले असे होत नाही. त्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांची मुले आता शाळेत जातात. ज्यांच्यासाठी हा निर्णय झाला, तेच आईबाप आज आपल्या मुलांना मराठी शाळेतून काढून इंग्रजी शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवत आहेत. पंचवीस वर्षांच्या धोरणाचा याहून स्पष्ट निकाल कोणत्याही अहवालात मिळणार नाही.

अहवालही वेगळे काही सांगत नाहीत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभर मुलांपैकी सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले २०१६ मध्ये २४.७ होती, २०२२ मध्ये ती २४.५ भरली. सहा वर्षांत काटा जागचा हलला नाही. २०२३ ची पाहणी चौदा ते अठरा वयोगटाची होती. त्यात इंग्रजी वाक्य वाचता येणारे ५७.३ टक्के निघाले आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांना वाचलेल्याचा अर्थ सांगता आला. गणित केले तर शंभरातले बेचाळीस. लक्षात घ्यावे, ही मोजणी वाचण्याची आणि अर्थ सांगण्याची आहे. स्वतःच्या मनातले वाक्य स्वतः जुळवणे ही पुढची पायरी, आणि ती तर कोणी मोजतच नाही.

गेल्या वर्षी राज्यात भाषेवरून केवढे रण माजले! १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या अडीच महिन्यांत तिसऱ्या भाषेवर सभा झाल्या, मोर्च्यांच्या हाका दिल्या गेल्या, रात्रीच्या वाहिन्यांवर घसे कोरडे झाले. लहान मुलांवर भाषांचे ओझे लादू नये या मागणीत तथ्य होते आणि आम्ही त्या मागणीच्या बाजूनेच होतो. पण पहिलीपासून आधीच शिकवली जाणारी जी दुसरी भाषा, ती मुलांना येते का, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात एकाही व्यासपीठावरून आला नाही, याचे दुःख वाटते.

हे दुःख साताऱ्याला अधिक व्हायला हवे. इंग्रजी शिकण्याची हाक महाराष्ट्रात सर्वांत आधी ज्यांनी दिली, त्यांत सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले होत्या. १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात त्यांनी इंग्रजीवर कविता लिहिल्या, त्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेचे साधन म्हणून. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलात, भिवा नावाच्या मुलाने इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. मराठी इयत्ता पुऱ्या झाल्यावर इंग्रजी पहिली, अशी तेव्हाची रचना होती. इंग्रजी उशिरा सुरू होई, पण पायापासून शिकवले जाई. त्या वर्गातून निघालेल्या मुलाने पुढे कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये प्रबंध लिहिले आणि देशाच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध केला. आणि रहिमतपूरच्या मातीत जन्मलेले वसंत कानेटकर? मराठी रंगभूमी गाजवत असतानाच ते नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्या गावची नगरपालिका १८५३ पासूनची, ज्या गावाने मराठीला एवढा नाटककार आणि महाविद्यालयाला इंग्रजीचा असा अध्यापक दिला, त्या गावच्या मुलांनी दहावीनंतर पुण्याला जाऊन अकरावीच्या वर्गात खाली मान घालून बसावे, हे आम्हाला मान्य नाही.

व्याकरण वर्गातून गेले कसे, ते समजून घेतले पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीत इंग्रजी म्हटले की तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी. इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी. धडा संपला की पुढचा. कंदिलाच्या उजेडात ती पुस्तके घोकून कारकून, मास्तर, वकील झालेली माणसे या भागात घरोघरी होती. त्या पद्धतीत दोष होते. व्याख्यांची घोकंपट्टी होती, छडी होती, आणि बोलायची वेळ आली की दातखीळ बसे. म्हणून पुढे विचार बदलला. भाषा नियमांनी येत नाही, वापराने येते, हे जगभर मान्य झाले. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेत केलेला बंगळूर प्रकल्प जगभरच्या इंग्रजी अध्यापनाच्या पुस्तकांत नोंदला गेला. मुलांना व्याकरणाचे नियम न सांगता अर्थपूर्ण कामे द्यायची आणि ती करता करता भाषा येऊ द्यायची, असा तो विचार. विचार खोटा नव्हता. पण तो उचलताना एक गोष्ट विसरली गेली. अशा वर्गात मुलांशी सतत सोप्या, शुद्ध इंग्रजीत बोलणारा शिक्षक लागतो. मुलाच्या कानावर इंग्रजी भरपूर पडावे लागते. रहिमतपूरच्या मुलाच्या कानावर ते कुठून पडणार? घरी मराठी, बाजारात मराठी, एसटी स्टँडवर मराठी, शेतात मराठी. दिवसाकाठी इंग्रजीचा एक तास, तोही अर्धापाऊण तासाचा, आणि त्यातला निम्मा वेळ हजेरीत आणि वह्या तपासण्यात जातो. जिथे भाषा हवेत नसते, तिथे तिची रचना हातात द्यावी लागते. आपण रचना काढून घेतली आणि हवा तर नव्हतीच. मुलाकडे उरले काय?

उरले पाठांतर. दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत भाषाभ्यासाला दहा गुण आहेत. त्या दहा गुणांसाठी क्लासमध्ये ‘क्वेश्चन टॅग’ची क्लृप्ती, ‘चेंज द व्हॉइस’चा तक्ता आणि ‘नो सूनर’ आले की ‘दॅन’ घालायचा, एवढे घोटून घेतले जाते. आठवीत एका फळ्यावर बारा काळांचा तक्ता काढून दोन दिवसांत संपवला जातो. ‘फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस’ची व्याख्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘काल मी शाळेत आलो नाही’ हे इंग्रजीत सांगता येत नाही. तो म्हणतो, ‘आय डिड नॉट केम’. रजेचा अर्ज तर सगळ्यांना पाठ असतो: ‘ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर’. मुलाला ताप नसेल, घरात बहिणीचे लग्न असेल, किंवा सुगीत आईला मदत करायची असेल, तर त्या अर्जातले तेवढे एक वाक्य बदलणे त्याला जमत नाही. म्हणून तोही तापाचाच अर्ज देतो. शिष्यवृत्ती परीक्षेच्या इंग्रजीत तर पर्यायाचा गोल काळा करायचा असतो. तिथे उत्तम गुण मिळवलेल्या मुलाने संपूर्ण परीक्षेत एकही वाक्य लिहिलेले नसते.

मूळ व्याकरण शिकवणे म्हणजे काय, हे एका तासापुरते पाहू. शिक्षकाने फळ्यावर मराठीत चार वाक्ये लिहावीत. ‘मी घरी आहे.’ ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘विहिरीत पाणी आहे.’ ‘मला भूक लागली आहे.’ मुलांना विचारावे, चारही वाक्यांत कोणता शब्द समान आहे? पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळे हात वर येतील. मग शेजारी इंग्रजी लिहावे. ‘आय ॲम ॲट होम.’ ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ ‘देअर इज वॉटर इन द वेल.’ ‘आय ॲम हंग्री.’ आता मुलेच बोलू लागतात. मराठीत एकच क्रियापद सगळीकडे चालले. इंग्रजीने त्याच्या तीन वाटा केल्या. माणूस कुठे आहे किंवा कसा आहे ते सांगायचे तर एक, त्याच्याजवळ काय आहे किंवा त्याचे कोण आहे ते सांगायचे तर दुसरी, आणि एखाद्या ठिकाणी काय आहे ते सांगायचे तर तिसरी. ‘आय ॲम टू ब्रदर्स’ ही चूक कुठून येते, ते मुलाला त्या क्षणी कळते. ती चूक अडाणीपणाची नाही. ती मराठीच्या इमानदार भाषांतरातून आलेली आहे. हे कळले की लाज जाते. मग प्रत्येकाने आपल्या घरातली, गोठ्यातली, शेतातली पाच-पाच वाक्ये करावीत: विहीर, म्हैस, आले, ऊस, चुलतभाऊ. एक तास पुरतो. दुसऱ्या तासाला ‘का’. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘का’ लावला की प्रश्न झाला. इंग्रजीत त्यासाठी ‘डू’ आणि ‘डझ’ कर्त्याच्या आधी येऊन बसतात. तिसऱ्या तासाला ‘टेबलावर’ आणि ‘ऑन द टेबल’: आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून चिकटते, त्यांचा शब्द नामाच्या पुढे चालतो. अशा दहा-बारा रचना आहेत, त्याहून जास्त नाहीत. चौथी ते सातवी या चार वर्षांत त्या सावकाश, पुन्हा पुन्हा, मुलांच्या स्वतःच्या वाक्यांतून पक्क्या झाल्या, तर पुढचे सगळे इंग्रजी त्यावर उभे राहते.

मात्र त्यासाठी मराठीचे व्याकरण आधी आले पाहिजे, आणि याकडे कोणाचेच लक्ष नाही. कराडजवळच्या टेंभू गावचे गोपाळ गणेश आगरकर सुधारक म्हणून सर्वांना माहीत आहेत. त्यांनी १८८८ मध्ये मराठी वाक्यरचनेवर ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक लिहिले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन महाविद्यालय उभे करणाऱ्यांपैकी एक असलेल्या या माणसाला मराठी वाक्य उलगडून दाखवण्यात वेळ घालवावासा वाटला. आपल्या भाषेतले वाक्य कसे बनते ते ज्याला दिसते, त्याला दुसऱ्या भाषेतले लवकर दिसते. आज शाळेत काय होते? सोमवारी मराठीच्या तासाला ‘विशेषण’ शिकवले जाते. गुरुवारी त्याच वर्गात ‘ॲडजेक्टिव्ह’ नावाची जणू नवीच वस्तू येते. दोन्ही एकच आहेत हे मुलाला कोणी सांगत नाही, कारण मराठीचे पुस्तक आणि इंग्रजीचे पुस्तक यांची गाठच पडलेली नसते. कर्ता, कर्म, क्रियापद मराठीत धड ओळखू न येणाऱ्या मुलापुढे इंग्रजीचा ‘ऑब्जेक्ट’ नेऊन ठेवणे ही त्या मुलाची फसवणूक आहे.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. प्राथमिक शाळेतले बहुसंख्य शिक्षक स्वतः मराठी माध्यमातून शिकले, डी.एड. झाले, आणि एकच शिक्षक सकाळी परिपाठापासून संध्याकाळी पोषण आहाराच्या नोंदीपर्यंत सगळे करतो. कुठे एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग आहेत. त्याच्यावर माहित्या भरण्याचा, सर्वेक्षणांचा, निवडणुकीच्या कामांचा मारा चालू असतो. त्याला इंग्रजी रचना समजावून देण्याची तयारी करायला वेळ आणि आधार कोणी दिला? आधार दिला की काय होते, याचा अनुभवही राज्याला आहे. राज्य आंग्ल भाषा संस्था, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनी काही जिल्ह्यांत ‘तेजस’ उपक्रम चालवला. त्यात शिक्षकांचे छोटे स्थानिक गट नियमित भेटत आणि आपापल्या वर्गातल्या अडचणी एकमेकांपुढे मांडत. आणि मार्ग दाखवायला बाहेर जायचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांनी विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली ज्ञानरचनावादाचे असे काम उभे केले की राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गाड्या करून आले, आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाला त्याची प्रेरणा मिळाली. वाचन आणि गणित यांत साताऱ्याच्या शिक्षकांनी महाराष्ट्राला वाट दाखवली. तेच शिक्षक इंग्रजीतही ती दाखवू शकतात. त्यांच्याकडून ते मागितलेच गेले नाही. ‘निपुण’ अभियानाने मातृभाषेतले वाचन आणि अंकज्ञान यांवर भर दिला, तो योग्यच होता. पण जे मोजले जाते त्याचीच तयारी होते, आणि मुलाने स्वतः रचलेले इंग्रजी वाक्य कोणाच्याही मोजणीत नाही.

दरम्यान पालक थांबायला तयार नाहीत. त्यांनी थांबावे असे कोणत्या तोंडाने सांगायचे? गावोगाव इंग्रजी शाळा निघाल्या. त्यांतल्या काही चांगल्या आहेत. पण अनेक ठिकाणी शिकवणाऱ्यांना तुटपुंजा पगार आणि प्रशिक्षण शून्य, अशी स्थिती आहे. तिथे पाठ्यपुस्तकातला उतारा मोठ्याने वाचायचा, त्याचा अर्थ मराठीत सांगायचा आणि उत्तरे फळ्यावरून उतरवून घ्यायची, असा तास चालतो. त्या मुलाला विज्ञानही कळत नाही, इंग्रजीही येत नाही आणि मराठी वाचताना अडखळायला होते. मराठी शाळांनी पट टिकवण्यासाठी ‘सेमी’ सुरू केले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, पण ते समजायला लागणारे इंग्रजी वाक्य शिकवायची व्यवस्था तीच जुनी. ‘इफ’ आणि ‘देन’ने जोडलेले प्रमेयाचे वाक्य ज्याला उलगडत नाही, तो भूमितीत नापास होतो आणि त्याला गणित येत नाही असा शिक्का बसतो. आणि जिथे पैसे एकाच मुलाच्या फीपुरते असतात, तिथे व्हॅनमध्ये बहुतेक वेळा मुलगा बसतो आणि मुलगी झेडपीच्या शाळेत जाते. म्हणून मराठी शाळेतले इंग्रजी कच्चे राहणे हा मुलींवरचा अन्याय आहे, असे आम्ही जबाबदारीने म्हणतो.

हे सगळे आज लिहिण्याचे कारण आहे. राज्यात २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येत आहे आणि त्यामागोमाग नवी पाठ्यपुस्तके. एकदा ती छापून आली की पुढची दहा-बारा वर्षे तीच चालतील. मग कोणी काही म्हटले तरी उपयोग नाही. बालभारतीने मराठी आणि इंग्रजीच्या अभ्यास मंडळांना एकत्र बसवावे, आणि चौथी ते सातवीच्या इंग्रजी पुस्तकांत मूळ वाक्यरचना मराठीशी ताडून शिकवणारे धडे घालावेत. प्रत्येक इयत्तेच्या मूल्यमापनात मुलाने स्वतः रचलेल्या वाक्यांना गुण असावेत, पाठ केलेल्या निबंधाला नसावेत. सातारा जिल्हा परिषदेने मुंबई-पुण्याच्या आदेशाची वाट पाहू नये. दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला एक तास इंग्रजी रचनेला द्यावा, त्यात तालुक्यातल्या चांगल्या इंग्रजी शिक्षकांनी प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवावेत, आणि त्या तासात कोणतीही माहिती भरून घेऊ नये. रयत शिक्षण संस्थेचे आणि इतर संस्थांचे माध्यमिक शिक्षक याच भागात आहेत. आठवीत येणारी मुले कोणत्या रचनेत अडतात ते त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. त्यांनी प्राथमिकच्या शिक्षकांना ते लेखी कळवावे, आणि प्राथमिकवाल्यांनी त्यात कमीपणा मानू नये.

पालकांच्या हातातही अधिकार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला. या समितीच्या बैठकीत बहुधा रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी एवढेच विषय होतात. रहिमतपूर परिसरातल्या पालकांनी पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना सरळ विचारावे, आमच्या सहावीतल्या मुलीला स्वतःची पाच इंग्रजी वाक्ये कोणत्या महिन्यापर्यंत लिहिता येतील? मिळेल ते उत्तर तारखेसह इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि त्याखाली मुख्याध्यापकांची आणि केंद्रप्रमुखांची सही घ्यावी.